पीचचे राज्य, थंडीच्या शोधात

- विशेष प्रतिनिधी

अमेरिकेच्या आग्नेय भागातील जॉर्जिया राज्याने आपली सारी ओळख एका फळावर सोपवली आहे. तेथील मोटारींच्या क्रमांकपट्ट्यांवर पीच असते. १९९९ मध्ये अमेरिकी सरकारने जॉर्जियाच्या नावाने पाव डॉलरचे नाणे काढले, तेव्हा राज्याच्या नकाशाच्या मधोमध पीचच कोरण्यात आले. मतदान करून बाहेर पडणाऱ्या नागरिकाला जी चिकटपट्टी मिळते, तिच्यावरही पीचचेच चित्र असते. राजधानी अटलांटामध्ये 'पीचट्री' हे नाव मिरवणारे इतके रस्ते आहेत, की नवखा माणूस हमखास चुकतो. १९९५ मध्ये विधिमंडळाने पीचला अधिकृतपणे राज्यफळाचा मान दिला. पण लोकांच्या तोंडी 'पीच स्टेट' हे बिरुद त्याच्या कितीतरी आधीपासून रुळले होते.

एवढे सगळे ऐकून कोणाचीही समजूत होईल, की अमेरिकेतील बहुतेक पीच जॉर्जियात पिकत असावीत. वस्तुस्थिती तशी नाही. पीचच्या उत्पादनात कॅलिफोर्निया फार पुढे आहे. शेजारचे दक्षिण कॅरोलिना हे लहानसे राज्यही बहुतेक वर्षी जॉर्जियाला मागे टाकते. खुद्द जॉर्जियाच्या शेतीत कोंबडीपालन, कापूस, भुईमूग आणि पेकान हा अक्रोडासारखा सुका मेवा यांचे स्थान पीचच्या वर आहे. गेल्या काही वर्षांत तर ब्लूबेरीनेही पीचला मागे सारले आहे.

त्यातच २०२३ साल आले. उबदार हिवाळा आणि मार्चमधील कडाक्याची थंडी यांच्या कात्रीत सापडून जॉर्जियातील पीचचे नव्वद टक्क्यांहून अधिक पीक बुडाले. पीचचे राज्य म्हणवणाऱ्या प्रदेशात त्या उन्हाळ्यात पीच शोधावी लागली. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, पीक चांगले आले आणि बागायतदारांचा जीव भांड्यात पडला. मात्र, एक प्रश्न त्यांच्या मनातून गेलेला नाही. हिवाळाच जर बेभरवशाचा झाला, तर शंभर-सव्वाशे वर्षे जपलेल्या या बागा किती काळ टिकणार?

हा प्रश्न नीट समजून घ्यायचा, तर हे फळ जॉर्जियात कसे आले आणि कोणाच्या कष्टाने वाढले, तेथून सुरुवात करावी लागते.

चीनमधून जॉर्जियापर्यंत

पीचला हिंदीत आडू म्हणतात आणि मराठी कोशांत त्याचे नाव सप्ताळू असे आढळते. मुंबई-पुण्याच्या बाजारात उन्हाळ्याच्या अखेरीस हिमाचल, उत्तराखंड आणि काश्मीरकडून येणारी, मखमली लव असलेली, लालसर-पिवळी फळे ती हीच. वनस्पतिशास्त्रातील 'प्रुनस पर्सिका' या नावावरून ते इराणचे वाटते. कारण युरोपला ते इराणमार्गे कळले. मूळचे ते चीनचे. चीनमधील झेजियांग प्रांतात उत्खननात सापडलेल्या कोयींच्या अभ्यासावरून, तेथे सुमारे साडेसात हजार वर्षांपूर्वी पीचची निवड करून लागवड सुरू झाली होती, असे संशोधकांनी २०१४ मध्ये मांडले.

अमेरिकेत हे फळ सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर पोचले. मात्र, ते देशाच्या आतल्या भागात पसरवण्याचे श्रेय मूळनिवासी जमातींना द्यावे लागते. या जमातींना जंगल साफ करून, जाळून, फळझाडे जोपासण्याचे ज्ञान होते. कोय खिशात टाकून नेता येते, मातीत पुरली की रुजते आणि तीन-चार वर्षांत झाड फळ देते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात जॉर्जियाच्या अंतर्भागातील जुन्या वसाहतींमध्ये मिळालेल्या पीचच्या कोयींचा काळ तपासण्यात आला. स्पॅनिशांनी फ्लोरिडात १५६५ मध्ये सेंट ऑगस्टीन हे कायमचे ठाणे वसवले. त्यापूर्वीच पीच तेथे पोचली असावी, असे या संशोधनातून पुढे आले. पुढे आलेल्या इंग्रज वसाहतकारांना ती सर्वत्र इतकी आढळली, की हे झाड अमेरिकेचेच असावे, असा अनेकांचा समज झाला होता.

तरीही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पीच हे विकाऊ पीक नव्हते. बांधावर, परसात उगवलेल्या झाडांची फळे घरात खावीत, उरली तर डुकरांना घालावीत किंवा त्यांची ब्रँडी गाळावी, एवढाच त्यांचा उपयोग असे. जॉर्जियाची सारी शेती कापसाभोवती फिरत होती आणि कापूस गुलामांच्या श्रमावर उभा होता.

एल्बर्टाचा जन्म

पीच दूरच्या बाजारात पाठवून पैसे मिळवता येतील, हे ओळखणाऱ्या पहिल्या काही जणांत कोलंबस गावचे राफेल मोझेस यांचे नाव घेतले जाते. व्यवसायाने ते वकील होते आणि मोठे मळेवालेही. १८५१ मध्ये त्यांनी शॅम्पेनच्या बाटल्या ज्यात येत, तशा टोपल्यांमध्ये पीच भरून न्यूयॉर्कच्या बाजारी धाडली. तोवर फळे पेंढ्यात किंवा भुशात दाबून पाठवली जात आणि वाटेतच त्यांचा लगदा होई. टोपलीत हवा खेळती राहिली आणि फळे टिकली. अर्थात त्यांच्या बागेत राबणारे हातही गुलामांचेच होते, ही गोष्ट या कौतुकाबरोबर सांगायला हवी.

जॉर्जियाच्या पीचला खरे नाव मिळाले ते यादवी युद्ध संपल्यानंतर. मार्शलव्हिल गावचे सॅम्युएल रम्फ यांनी १८७० च्या दशकात 'चायनीज क्लिंग' या जातीच्या झाडाच्या कोयी रुजवून रोपे तयार केली. त्यांतील एका झाडाची फळे पाहून ते स्वतःच थक्क झाले. फळ मोठे, गर पिवळा आणि घट्ट, सालीवर लाली आणि मुख्य म्हणजे कोय गरापासून सहज सुटणारी. प्रवासात टिकणारे आणि दिसायलाही देखणे, असे हे फळ होते. आपल्या पत्नीच्या नावावरून रम्फ यांनी त्याला 'एल्बर्टा' असे नाव दिले. पुढची अनेक दशके अमेरिकेत पीच म्हटले, की लोकांच्या डोळ्यांपुढे एल्बर्टाच येई.

याच काळात रेल्वेचे जाळे पसरले होते. रम्फ यांनी बर्फासह फळे पाठवण्याच्या पेट्याही तयार केल्या. १८८० च्या दशकात बर्फ भरलेल्या डब्यांतून पीच उत्तरेच्या शहरांत जाऊ लागली. फोर्ट व्हॅली हे रेल्वेचे जंक्शन पीचच्या व्यापाराचे केंद्र बनले. कनेक्टिकट राज्यातील प्रसिद्ध फळबागायतदार जे. एच. हेल यांनीही तेथे येऊन प्रचंड बागा लावल्या. आजही चालू असलेल्या काही बागांची मुळे त्याच काळात आहेत. पिअर्सन घराण्याने १८८५ मध्ये क्रॉफर्ड काउंटीत वस्ती केली. म्युसेला येथील डिकी घराण्याची बाग १८९७ मधील आहे. तेथील १९३६ साली बांधलेले पॅकहाउस अजूनही हंगामात सुरू असते.

कापसाला जोड

पीच जॉर्जियातच एवढी का फोफावली, याचे उत्तर केवळ माती आणि हवामानात शोधून चालणार नाही. 'द जॉर्जिया पीच' या २०१६ मधील ग्रंथाचे लेखक, इतिहासकार टॉमस ओकी यांनी याकडे लक्ष वेधले आहे. पीचच्या कामाचे वेळापत्रक कापसाच्या वेळापत्रकात चपखल बसत होते. झाडांची छाटणी हिवाळ्यात होते. वसंतात फळांची विरळणी करावी लागते. काढणीचा मोसम मेच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंतचा, म्हणजे कापसाची खुरपणी उरकून वेचणी सुरू होण्याच्या मधला. गुलामगिरी कायद्याने संपली होती. पण मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांकडे जमीन नव्हती. वाट्याने शेती करणाऱ्या या कुटुंबांना पोटासाठी जे काम मिळेल ते करावे लागे. हे स्वस्त मनुष्यबळ पीचच्या बागांना आयतेच मिळाले.

कापूस ही गुलामगिरीची, जमीन झिजवणारी शेती, अशी दक्षिणेची प्रतिमा झाली होती. पीचने तिला नवे रूप देण्याची संधी दिली. फळबाग म्हटली, की विज्ञान आले, सौंदर्य आले, सुधारलेला शेतकरी आला. जमीनमालक, रेल्वे कंपन्या आणि वृत्तपत्रे यांनी हे चित्र हौसेने रंगवले. १८८९ ते १९२४ या काळात राज्यातील पीचच्या झाडांची संख्या पाचपटीहून अधिक वाढली. १९२८ मध्ये उत्पादनाने उच्चांक गाठला. त्या वर्षी सुमारे ८० लाख बुशेल पीच निघाली. एक बुशेल म्हणजे साधारण बावीस किलो. त्या हिशेबाने हे पीक पावणेदोन लाख टनांच्या आसपास भरते. हा उच्चांक पुन्हा कधीच गाठला गेला नाही.

उत्सव एकाचा, कष्ट दुसऱ्याचे

भरभराटीच्या त्या दिवसांत फोर्ट व्हॅलीमध्ये वसंत ऋतूत, बागा गुलाबी फुलोऱ्याने भरल्या, की 'पीच ब्लॉसम फेस्टिव्हल' भरे. १९२२ ते १९२६ अशी पाच वर्षे तो चालला. मिरवणुका, पीचच्या राणीचा राज्याभिषेक, शेकडो कलाकारांचे भव्य नाट्यप्रयोग आणि हजारो पाहुण्यांसाठी मांसाच्या भट्ट्या असा त्याचा थाट असे. लहानशा गावात विशेष आगगाड्या भरभरून येत. या उत्सवाच्या प्रसिद्धीचा राजकीय लाभही झाला. आपल्याकडच्या तालुक्याहून मोठ्या आणि जिल्ह्याहून लहान अशा प्रशासकीय विभागाला तेथे काउंटी म्हणतात. १९२४ मध्ये दोन जुन्या काउंट्यांचे भाग तोडून नवी 'पीच काउंटी' स्थापन झाली. जॉर्जियात त्यानंतर नवी काउंटी झालेली नाही.

मात्र, त्या रंगमंचावर पीचची कथा गोऱ्या बागायतदारांच्या पराक्रमाची कथा म्हणून सादर होई. झाडे छाटणारे, फळे तोडणारे, टोपल्या वाहणारे कृष्णवर्णीय मजूर त्या कथेत नायक नव्हते. वर्णभेदाचे कायदे लागू असलेल्या काळात दुसरे काही घडणे शक्यही नव्हते.

त्याच गावात, कृष्णवर्णीयांसाठी १८९५ मध्ये स्थापन झालेल्या शाळेत, एक वेगळा मेळा भरत असे. हेन्री हंट हे या शाळेचे दीर्घकाळ प्राचार्य होते. कृषी विस्ताराचे काम करणारे ओटिस ओ'नील यांनी त्या परिसरात १९१० च्या दशकात 'हॅम अँड एग शो' सुरू केला. शेतकरी आपल्या घरी खारवलेली डुकराची मांडी आणि आपल्या कोंबड्यांची अंडी तेथे मांडत. उत्तम मालाला बक्षीस मिळे. पीच आणि कापूस ही पिके मालकाची. डुक्कर आणि कोंबडी मात्र कुटुंबाच्या स्वतःच्या मालकीची. दुसऱ्याच्या बागेत राबूनही आपल्या घरापुरते स्वावलंबी कसे व्हावे, हा त्या मेळ्याचा धडा होता. पुढे या शाळेचे फोर्ट व्हॅली स्टेट विद्यापीठात रूपांतर झाले. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून तेथे संगीत महोत्सवही भरू लागला आणि त्यातील गाण्यांची ध्वनिमुद्रणे अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयात जतन झाली आहेत. पीचच्या वारशाची ही दुसरी बाजू आता इतिहासकारांमुळे लोकांपुढे येत आहे.

मजुरांचा प्रश्न आजही मिटलेला नाही, फक्त त्याचे स्वरूप पालटले आहे. पीचची काढणी यंत्राने होत नाही. फळ किंचित दाबले तरी त्यावर डाग पडतो. एका झाडावरची सगळी फळे एकदम पिकतही नाहीत, त्यामुळे तेच झाड तीन-चार वेळा तोडावे लागते. आता हे काम मुख्यतः मेक्सिकोतून 'एच-टू-ए' या हंगामी शेतमजूर व्हिसावर येणारे लोक करतात. त्यांच्या राहण्याची आणि प्रवासाची सोय बागायतदाराला करावी लागते. ज्या वर्षी पीकच येत नाही, त्या वर्षी या मजुरांचीही रोजी बुडते.

थंडीचा हिशेब

पीच उन्हाळ्यात येते. परंतु तिचे भवितव्य हिवाळ्यात ठरते. पानगळ झाली, की झाड सुप्तावस्थेत जाते. फुलांच्या कळ्या पुढच्या वर्षासाठी तयार असतात. पण त्या उमलत नाहीत. ठरावीक काळ थंडी मिळाल्याशिवाय त्या जाग्या होणार नाहीत, अशी निसर्गाचीच योजना असते. जानेवारीत चार दिवस ऊन पडले म्हणून झाड फुलले, तर पुढच्या गारठ्यात सारा बहर जळून जाईल. तो धोका टाळण्यासाठी झाड जणू थंडीचे तास मोजत राहते.

बागायतदारही हे तास मोजतात. तापमान सुमारे शून्य ते सात अंश सेल्सिअस यांच्या दरम्यान असेल, तो प्रत्येक तास थंडीचा तास धरला जातो. जॉर्जियात १ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी असा हा हिशेब ठेवण्याची पद्धत आहे. प्रत्येक जातीची गरज निराळी असते. काही जातींना चारशे-पाचशे तास पुरतात. एल्बर्टासारख्या जुन्या जातीला आठशेहून अधिक लागतात. मध्य जॉर्जियातील अनेक जातींची गरज सातशे-आठशे तासांच्या आसपास आहे.

थंडी कमी पडली, तर झाड गोंधळते. कळ्या उशिरा आणि तुटक-तुटक उमलतात. पालवी धरत नाही. जी फळे धरतात, तीही बोराएवढीच राहतात किंवा गळतात. दुसरे संकट याच्या नेमके उलट असते. थंडी पुरेशी मिळाली आणि फेब्रुवारी अकाली तापला, की झाड लवकर फुलते. त्यानंतर मार्चमध्ये गारठा परतला, तर फुले वाचत नाहीत. पूर्ण उमललेल्या फुलाला उणे पावणेतीन अंशांच्या आसपासचे तापमान काही काळ मिळाले, तर दहा टक्के फुले दगावतात. तेच तापमान उणे साडेचार अंशांच्या जवळ गेले, तर नव्वद टक्के फुले जातात. म्हणजे थोडे नुकसान आणि सर्वनाश यांच्यात दोन अंशांचेही अंतर नाही.

मार्चमधील अशा गारठ्याने जॉर्जियाला पूर्वीही फटके दिले आहेत. १९५५ च्या मार्चमध्ये दक्षिणेतील जवळजवळ सगळे पीक गेले होते. पण अलीकडच्या काळात उबदार हिवाळा आणि मार्चचा गारठा ही दोन्ही संकटे एकाच हंगामात येऊ लागली आहेत. २०१७ मध्ये हिवाळा पुरेसा थंड झाला नाही. त्यातच मार्चमध्ये गारठा आला आणि सुमारे ८० टक्के पीक गेले. २०२३ मध्ये त्याचीच आणखी मोठी पुनरावृत्ती झाली.

बागायतदार हात बांधून बसलेले नाहीत. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि काही मीटर उंचीवरची हवा तुलनेने उबदार असते. बागेत उंच खांबांवर मोठे पंखे लावून ही वरची हवा खाली ढकलली जाते. काही जण त्यासाठी हेलिकॉप्टरही भाड्याने घेतात. पण वारे वाहत असले किंवा गारठा फारच तीव्र असला, की या उपायांना मर्यादा पडतात.

नव्या जातींचा पेच

यावरचा मार्ग म्हणून कमी थंडी लागणाऱ्या जातींकडे पाहिले जाते. जॉर्जियातील बायरन येथे अमेरिकी कृषी खात्याचे फळ व सुका मेवा संशोधन केंद्र आहे. तेथे नव्या जाती निवडण्याचे काम अनेक दशके सुरू आहे. झाडे अकाली मरण्याच्या रोगावर उपाय म्हणून बायरनचे केंद्र आणि दक्षिण कॅरोलिनातील क्लेम्सन विद्यापीठ यांनी 'गार्डियन' हा खुंट विकसित केला. त्यावर कलम केलेल्या झाडांमुळे अनेक बागा वाचल्या.

कमी थंडीच्या जातींचा लाभ भारतालाही झाला आहे. फ्लोरिडा विद्यापीठात उष्ण प्रदेशासाठी तयार झालेली 'फ्लोरडा प्रिन्स' ही जात पंजाबच्या सखल भागात लावली जाते. एरवी डोंगराळ भागाचे समजले जाणारे हे फळ मैदानात आले, ते अशा जातींमुळेच.

मग जॉर्जियानेही सरसकट याच जाती का लावू नयेत? पेच येथेच आहे. ज्या झाडाची थंडीची गरज कमी, त्याची गरज लवकर भागते. जानेवारी संपता-संपता ते फुलायला तयार होते. फ्लोरिडात मार्चमध्ये सहसा गारठा नसतो. मध्य जॉर्जियात मात्र तो येतो. त्यामुळे उबदार हिवाळ्यापासून वाचवणारी जात मार्चच्या गारठ्यात सापडते आणि गारठ्यापासून वाचणारी उशिरा फुलणारी जात उबदार हिवाळ्यात उपाशी राहते. यासाठीच बागायतदार अनेक जाती एकाच बागेत ठेवतात. राज्यात व्यापारी लागवडीत चाळीसहून अधिक जाती आहेत. एखादी बुडाली, तर दुसरी हात देईल, एवढाच त्यामागचा विचार असतो. शिवाय थंडी कमी लागणारे, तरीही उशिरा फुलणारे झाड मिळावे, यासाठी संशोधकांची धडपड सुरू आहे. पीचची नवी जात बाजारात येईपर्यंत दहा-पंधरा वर्षे सहज जातात. हवामान तेवढे थांबेल का, हा प्रश्नच आहे.

कोकणातील हापूसच्या बागायतदाराला हे सारे परके वाटणार नाही. आंब्याची आणि पीचची प्रकृती वेगळी. तरी डिसेंबर-जानेवारीच्या गारव्यावर मोहोर अवलंबून असणे, हे दुखणे दोघांचे सारखेच आहे. थंडी लांबली, मध्येच पाऊस पडला, फेब्रुवारीत एकदम उकाडा वाढला, की देवगड-रत्नागिरीतही पिकाचा अंदाज कोसळतो.

झाडावरच पिकलेले फळ

एवढी अनिश्चितता असूनही लोक जॉर्जियाच्या पीचचा हट्ट सोडत नाहीत. याला भावनेबरोबरच शास्त्रीय कारणही आहे. पीच तोडल्यानंतर मऊ होते, सुगंधही थोडा वाढतो. पण तिची गोडी वाढत नाही. केळ्यात स्टार्चचा साठा असतो आणि तोडल्यावर त्याची साखर होते. पीचमध्ये असा साठा नसतो. त्यामुळे जेवढी गोडी झाडावर भरली, तेवढीच पदरात पडते. दूरच्या बाजारासाठी कच्चे तोडलेले फळ कितीही दिवस ठेवले, तरी गोड होत नाही, ते याचमुळे.

दुसरी गोष्ट शीतगृहाची. झाडाला थंडी हवी असली, तरी फळाला ती मानवत नाही. साधारण दोन ते आठ अंशांच्या तापमानात पीच फार दिवस राहिली, तर तिचा रस हरपतो आणि गर भुसभुशीत, लोकरीसारखा होतो. म्हणून पूर्ण मऊ होईपर्यंत फळ घरात बाहेरच ठेवावे आणि पिकल्यावरच, तेही थोडेच दिवस, फ्रीजमध्ये ठेवावे, असा सल्ला तेथील जाणकार देतात. आपल्याकडे आडू विकत घेणाऱ्यांनीही तो लक्षात ठेवण्यासारखा आहे.

या दोन कारणांमुळे बागेजवळ जाऊन फळ घेण्याला तेथे मोल आहे. मे महिन्यापासून मध्य जॉर्जियातील रस्त्यांच्या कडेला पीचचे स्टॉल लागतात. महामार्गावरून जाणारी कुटुंबे वाट वाकडी करून पॅकहाउसपर्यंत येतात. तेथे फळांची वर्गवारी पाहत व्हरांड्यात बसून पीचचे आइस्क्रीम खाणे, हा कित्येक घरांचा वार्षिक कार्यक्रम असतो. मोसमाच्या सुरुवातीला येणाऱ्या पीचचा गर कोयीला चिकटलेला असतो. कोय सहज सुटणारी फळे जूनपासून येतात. मुरंबा, जॅम किंवा बरणीत भरून ठेवायची फळे घेणारे त्याचीच वाट पाहतात. आपल्याकडे मे महिन्यात आमरस आटवून ठेवण्याची जी लगबग असते, तशीच ती.

पीचचे कॉबलर हा त्या भागाचा लाडका गोड पदार्थ. साखरेत शिजलेल्या पीचच्या फोडींवर लोणी घातलेल्या पिठाचे जाडसर आवरण घालून तो भट्टीत भाजतात. जूनमध्ये फोर्ट व्हॅली आणि बायरन येथे भरणाऱ्या जॉर्जिया पीच फेस्टिव्हलमध्ये भल्यामोठ्या विटांच्या भट्टीवर खास बनवलेल्या कढईत जगातील सर्वांत मोठे म्हणवले जाणारे कॉबलर तयार होते आणि ते सर्वांना फुकट वाटले जाते.

ज्यांना बागेपर्यंत येणे शक्य नाही, त्यांच्यासाठी फळांनी भरलेले ट्रक इतर राज्यांतील शहरांत जाऊन पेट्या विकतात. आपल्याकडे देवगडची पेटी घरपोच मागवणाऱ्या ग्राहकाची जी मनोवृत्ती, तीच येथेही आहे. फळाबरोबर गावाचे नावही त्याला हवे असते.

नाव आणि फळ

या नावावरून शेजाऱ्यांत कुरबुरही आहे. उत्पादनात आपण पुढे असताना बिरुद मात्र जॉर्जियाकडे, हे दक्षिण कॅरोलिनाला मान्य नाही. त्या राज्यातील गॅफ्नी गावाने १९८१ मध्ये पीचच्या आकाराची, दहा लाख गॅलन पाणी मावणारी टाकी उभारली. आंतरराज्य महामार्गावरून जाणाऱ्याला ती दुरूनच दिसते. खरे पीच-राज्य कोणते, याचा जबाबच जणू त्या टाकीने दिला आहे.

वाद चालत राहील. मात्र, बागायतदारांपुढील हिशेब अधिक कठोर आहे. पीचची बाग साधारण पंधरा-वीस वर्षे फळ देते. म्हणजे आज लावलेले झाड २०४० च्या आसपासच्या हिवाळ्यांवर विसंबून लावायचे आहे. अनेक कुटुंबांनी जोडीला पेकानच्या बागा ठेवल्या आहेत. पेकानला एवढी नाजूक थंडी लागत नाही आणि पीच बुडालेल्या वर्षी तेच घर चालवते. पीच काढून टाकून सर्वत्र पेकान लावणे व्यवहाराच्या दृष्टीने सोपे आहे. तरीही पाचव्या-सहाव्या पिढीतील बागायतदार जुनी झाडे काढलेल्या जागी पुन्हा पीचच लावत आहेत.

क्रमांकपट्टीवरचे पीच कोणत्याही हवामानात टिकेल. अटलांटातील पीचट्री रस्त्यांना थंडीचे तास लागत नाहीत. झाडावरच्या पीचचे तसे नाही. तिला हिवाळा लागतो, खुंट आणि जात शोधणारा संशोधक लागतो, हलक्या हाताने फळ तोडणारा मजूर लागतो आणि जूनमध्ये वाट वाकडी करून येणारा गिऱ्हाईकही लागतो. यांतील शेवटच्या तिघांची आज तरी जॉर्जियाला वाण नाही. हिवाळ्याची खात्री मात्र कोणीच देऊ शकत नाही.